विकायची तर विका, पण आधी नोंद करा

पूर्वी जुनं लुगडं बोहारणीकडे जायचं आणि बदल्यात स्टीलचं पातेलं यायचं. आता मुलगी बंगळुरूहून चार दिवसांसाठी इंदूरला येते, पलंगावर साडी पसरते, मोबाईलवर दोन फोटो काढते, 'आजीची साडी, खूप जुनी, शुद्ध जर' असं लिहून टाकते आणि आठवड्याभरात साडी कुरिअरनं निघून गेलेली असते. विकण्याला माझी ना नाही, मी स्वतः तेच करते. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर इकडची ओळखीची माणसं गाठोडी आणून देतात. मी निवडते, फोटो काढते, गिऱ्हाईक बघते. माझं म्हणणं एवढंच की साडी विकली गेली की जाहिरात उतरते, फोटो फोन बदलताना जातात, आणि ती साडी कुणाची, कुठली, कशी विणलेली हे सांगणारं काही म्हणता काही उरत नाही. वस्तू गेली तर गेली, तिची नोंद आपल्या हातात असते. तास-दीड तासाचं काम आहे. मी ते कसं करते ते सांगते.

गाठोडं सोडल्यावर पहिलं पथ्य: धुवायचं नाही, इस्त्री करायची नाही, उसवलेलं शिवायचं नाही. घरोघरी नेमकं उलटं होतं. 'फोटोत बरी दिसावी' म्हणून काकू आदल्या रात्री साडी रिठ्यात भिजवतात. रिठा नेहमीच्या रेशमाला चालतो, पण साठ-सत्तर वर्षं घडीत पडलेल्या कापडाचा लाल रंग काठातून अंगात उतरला की तो परत काठात जात नाही. शिवाय ओलं झाल्यावर विरलेला धागा स्वतःचंच वजन पेलत नाही, बादलीतून उचलतानाच फाटतो. डागसुद्धा राहू द्या. पदरावरचा हळदीचा डाग त्या साडीचं काय काय झालं ते सांगतो, आणि गिऱ्हाईकालाही तो आधी दिसलेला बरा. इस्त्री तर नकोच. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या घडीवर गरम इस्त्री फिरली की रेशीम तिथेच चिरतं.

हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, पलंगावर धुतलेली पांढरी सुती चादर घाला. चहाचा कप दुसऱ्या खोलीत.

फोटो: इथे घाई करू नका

उजेड खिडकीचा घ्या, पण ऊन थेट कापडावर नको. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. फ्लॅश बंद; फ्लॅशमध्ये जर पांढरी फटक पडते आणि रेशमाचा रंग खोटा येतो. प्रत्येक फोटोत एक पट्टी ठेवा, शाळेतली सहा इंची चालेल, आणि निदान एका फोटोत कोरा पांढरा कागद. पुढे कुणाला रंगाचा अंदाज घ्यायचा झाला तर त्या कागदावरून कळतं की उजेड पिवळा होता की निळा.

नऊवारी एका चौकटीत मावत नाही, त्या नादाला लागू नका. एकदा घडी घातलेली पूर्ण साडी, मग पदर, दोन्ही काठ, अंगाचा एक वीतभर तुकडा, दोन्ही टोकं दशांसकट, आणि मागची बाजू. मागची बाजू लोक हमखास विसरतात आणि माहिती तर तिथेच असते. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी पाठीमागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेत गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागे मोकळे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. महेश्वरीचा काठ तर दोन्हीकडून वापरता येतो, तेव्हा दोन्हीकडून फोटो हवाच. काठाच्या कडेला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसली तर तीही टिपा. मागावर कापड ताणून धरणाऱ्या काटकीच्या टोकांची ती असतात.

मग खोलीतला दिवा मालवून मोबाईलची बॅटरी कापडाच्या कडेला आडवी धरा आणि दुसऱ्या फोननं फोटो काढा. समोरून न दिसणारं रफू, उसवून पुन्हा घातलेली शिवण, विरलेला भाग, सगळं उठून दिसतं. फाटकं, कसर लागलेलं, काळवंडलेलं जे काही असेल त्याचा पट्टीसकट वेगळा फोटो. लपवू नका, लपवलेलं भोक पार्सल उघडल्यावर सापडतंच आणि मग पैसे परत करताना जीव जातो.

शिवलेल्या कपड्याचे फोटो आतून जास्त, बाहेरून कमी. मागे माझ्याकडे एक बाळाची कुंची आली होती. बाहेरून रेशमी, उडालेल्या राखी-गुलाबी रंगाची, कपाळावर गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची, पट्टी. घरच्यांना ती 'पारंपरिक बाळ कुंची' म्हणून एका फोटोत संपवायची होती. उलटी केली तर अस्तर तीन तुकड्यांचं. एक साधा सुती, एक महेश्वरीच्या काठाचा, चटईची नक्षी असलेला, आणि तिसरा जाड पांढरा, कोपऱ्यात बिब्ब्यानं घातलेली धोब्याची खूण: एक आडवी रेघ, खाली तीन ठिपके. म्हणजे तो तुकडा त्याआधी कुणाची तरी चादर किंवा धोतर होता आणि धोब्याकडे जात होता. शिवणीत दुमडलेलं रेशीम बोटानं जरा उघडून पाहिलं तर आत गर्द जांभळं, अगदी वांग्यासारखं. कुंचीचा मूळ रंग तो. या पाच-सहा फोटोंनी कुंचीची किंमत वाढली हे खरं, पण ती विकली गेल्यावरही तिच्याबद्दल घरात सांगण्यासारखं काहीतरी राहिलं, हे मला जास्त पटतं.

खिसे तपासा. बंडीच्या खिशात तिकीट, पावती, सुपारीचा तुकडा, काहीही निघतं. निघेल ते जिथे सापडलं तिथेच आधी फोटोत घ्या, मग बाहेर काढा.

एक तांत्रिक गोष्ट, कारण यात सगळे फसतात: हे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की ते दाबून लहान केले जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि मूळ फोटो फोनबाहेर दोन ठिकाणी ठेवा, एक ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर.

वही

वहीत प्रत्येक वस्तूला नंबर. माझी पद्धत साधी आहे: वर्ष, मग त्या वर्षातला क्रम. फोटोंच्या फायलींना तोच नंबर. कापडावर पेनानं काही लिहायचं नाही, स्टेपलर नाही, टाचणी नाही, चिकटपट्टी तर अजिबात नाही. सुती नाडीच्या बोटभर तुकड्यावर पेन्सिलीनं नंबर लिहून तो टोकाच्या कोपऱ्यात दोन सैल टाक्यांनी अडकवा. संग्रहालयांतही साधारण असंच करतात, आणि काढायचा झाला तर कात्रीच्या एका टोकानं निघतो.

लिहायचं काय? लांबी आणि पन्हा, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, पण जुनी लुगडी कमीजास्त निघतात, म्हणून मोजाच. वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. ताणा (उभे धागे) कशाचा, बाणा (आडवे धागे) कशाचा; महेश्वरी असेल तर ताणा रेशमी आणि बाणा सुती असण्याची शक्यता मोठी. इंचभरात किती धागे ते मोजायला कापडवाले घडीचं छोटं भिंग वापरतात, पिक ग्लास. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये विचारा, कुणीतरी दुकान दाखवेल. धागा कशाचा याची शंका असेल तर दशांतला किंवा शिवणीतला सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, सुताला कागदाचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पदरातला धागा ओढून हे प्रयोग करू नयेत हे सांगायला नको, तरी सांगते.

यापेक्षा महत्त्वाची नोंद माणसांकडून मिळते. कोण नेसायचं, कोणत्या प्रसंगाला, कुणी दिली, कुठल्या दुकानातून, कुठल्या गावाहून. आजी असतील तर फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, त्यांना विचारून. 'ही चंद्रकळा पहिल्या संक्रांतीची, सासरहून आली, हलव्याचे दागिने हिच्यावरच घातले होते' असं एक वाक्य दहा फोटोंच्या तोडीचं. लग्नाचा जुना फोटो असेल आणि त्यात ती साडी दिसत असेल तर त्या फोटोचाही फोटो घ्या. वयाचा त्याहून चांगला पुरावा घरात सापडत नाही. ऐकलेलं आणि दिसलेलं मात्र वेगवेगळं लिहा. 'घरचे सांगतात की' हे तीन शब्द फार कामाचे. इंदुरात निम्म्या घरांत 'होळकरांच्या वाड्यातून मिळालेली' साडी असते. असेलही. सोबत पत्र किंवा फोटो असेल तर लिहा, नाहीतर ते वाक्य वहीत राहू दे, जाहिरातीत नको. आणि घरच्यांची नावं, पत्ते जाहिरातीत घालू नका. ती फक्त वहीत.

वय कसं ओळखायचं

'शंभर वर्षं जुनी' हे लोक जिभेच्या टोकावर घेऊनच येतात. मी कागद मागते. साडीबरोबर दुकानाची पावती, खोका, पिशवी, चिठ्ठी काहीही असेल तर त्यावर बरंच कळतं. रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. पत्त्यात 'होळकर स्टेट' असेल तर १९४८ च्या आधीचं, 'मध्य भारत' असेल तर १९४८ ते १९५६ मधलं, 'मध्य प्रदेश' असेल तर त्यानंतरचं. दुकानदार जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरतात, तेव्हा दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरून चाला.

कापडाच्या टोकाला मिलचा शिक्का असेल तर सोन्याहून पिवळं. माप वारात असेल तर साधारण १९६० च्या आधीचं, मीटरमध्ये असेल तर नंतरचं. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या शिक्क्याचं कापड त्याहून अलीकडचं असू शकत नाही. सिल्क मार्कचं लेबल २००४ नंतर आलं. शिवलेल्या कपड्यात नायलॉनचा दोरा दिसला तर जरा थांबा. तो दुरुस्तीचा असू शकतो, कपडा जुना आणि शिवण नवी.

इतकं करूनही पुष्कळदा नक्की कळत नाही. तेव्हा '१९५० च्या आसपास, घरच्यांच्या सांगण्यावरून' असं लिहावं.

जर आणि सराफा

जुन्या साडीचा खरा शत्रू कसर नाही, सराफा आहे. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती तोळ्यावर विकत घेणारे लोक आहेत. ते कापड जाळतात आणि चांदी गाळून घेतात. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे काटे आणि रात्री खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीस, इंदूरकराला सांगायला नको. घरचे आधी तिथे जातात, भाव विचारतात, आणि मग माझ्याकडे येतात तेव्हा काठ कापलेला असतो. तुमची वस्तू आहे, गरजही असेल, मी कोण अडवणार. पण काट्यावर घालायच्या आधी वरचे सगळे फोटो काढा, आणि जाळायची नसेलच तर नुसता काठही कापू नका. काठ गेलेल्या लुगड्याला गिऱ्हाईक नाही.

जर खरी की खोटी हे घरीही बरंचसं कळतं. जिथे घासून झिजली आहे तिथे भिंगातून बघा. तारेच्या आतून पांढरं दिसलं तर चांदी, तांबूस दिसलं तर तांब्यावर चढवलेला मुलामा. अगदी गुळगुळीत, चकचकीत पट्टी दिसली तर प्लास्टिकची. काळवंडलेली जर चिंचेनं, टूथपेस्टनं किंवा चांदी उजळायच्या पाण्यात उजळू नका. मुलामा निघून जातो, ओलावा आतल्या रेशमात मुरतो. काळी जर म्हणजे वाईट जर असं नसतं. चांदी काळी पडते हा तिचा गुणच आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी

जुने कपडे ऑनलाइन घेत असाल तर पैसे भरण्याआधी जाहिरातीचं पान पीडीएफ करून ठेवा, वर तारीख आणि पत्ता दिसेल असं. फोटो मोठे करून उतरवून घ्या. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही पान जतन करता येतं, काही साइटवर चालत नाही, पण प्रयत्न करायला पैसे पडत नाहीत. विकणाऱ्यानं लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवा, चुकीचा वाटला तरी. तुमचं मत त्याखाली वेगळं लिहा. किंमत लिहा. आणि प्रश्न आधीच विचारा: कुठल्या घरची, कुठल्या गावची, आणखी काय होतं त्या गाठोड्यात. पार्सल पोचल्यावर कुणी उत्तर देत नाही. एकाच गाठोड्यातल्या चार वस्तू चार शहरांत गेल्या की त्या एकत्र होत्या हे फक्त तुमच्या वहीतून कळणार.

पाठवताना

धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत साडी सैल गुंडाळा, जमल्यास घडी न घालता नळीवर. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते आणि कागद आम्लधर्मी असतो. रबरबँड नको, रबरातलं गंधक जरीला काळं करतं. प्लास्टिक फक्त बाहेरून, पावसापुरतं. आत नोंदीच्या पानाची एक प्रत टाका.

परदेशातलं गिऱ्हाईक चांगला भाव देतं, पण तिथे कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि देशात तिचा व्यापार करायलाही परवाना लागतो. म्हणून खरोखर शंभरी गाठलेलं काही निघालं तर मी फक्त नोंद करून देते आणि वस्तू घरी परत. गंमत अशी की 'शंभर वर्षं जुनी' म्हणून हट्ट धरणारी मंडळी हे ऐकलं की लगेच वीस वर्षं कमी करायला तयार होतात. तेवढी जुनी नसलेली पण तशी दिसणारी वस्तू बाहेर पाठवायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेता येतो. आणि गाठोड्यात शाहतूश शाल निघाली, अंगठीतून आरपार जाते म्हणतात ती, तर ती विकायचा विचारही करू नका. चिरू हरणाच्या लोकरीची असल्यामुळे वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे.

घरी ठेवायची तर

कपाट लोखंडी असेल तर उत्तम. लाकडी असेल तर फळीवर मलमल घालून मग साडी, लाकडाला थेट टेकवू नका. जरीची साडी लोकरीच्या शालीजवळ नको, लोकरीतही गंधक असतं. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका; मी तर वापरतच नाही. वेखंड, कडुलिंबाचा वाळलेला पाला, लवंगा यांची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, पण ती किडीला लांब ठेवते, आत शिरलेल्या किडीला मारत नाही. रेशीम आणि लोकर कसर खाते, खळ घातलेलं सुती कापड चंदेरी मासोळीसारखी दिसणारी ती चपळ कीड, सिल्व्हरफिश, खाते. म्हणून ठेवणीतल्या सुती लुगड्याला खळ नको.

कसर लागलेलीच असेल तर: कापड मलमलीत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थंड कापडावर जमतं. मणी, काचा, टिकल्या, रंगवलेली नक्षी असलेल्या वस्तूंना हे करू नका. आणि फ्रीझरमध्ये काय आहे ते घरात सांगून ठेवा, मटारच्या पिशवीबरोबर ती कुणीतरी सिंकमध्ये काढून ठेवतं.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाठोडी उघडू नका, दमट हवा आत कोंडली की बुरशी धरते. दसऱ्यानंतर कोरडा दिवस बघून, उन्हात नाही, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत तासभर पसरा, घड्या जुन्या जागेवर न घालता दोन बोटं सरकवून घाला, घडीच्या पोटात मलमलीची गुंडाळी ठेवा म्हणजे चुणी पडत नाही. नवं भोक, नवा डाग दिसला तर त्याच नंबराखाली तारीख घालून लिहा.